फुकट होतं, हे तुम्ही सिद्ध करा

इंग्लंडमधल्या थॉमस ऑल्डरसन या जमीनमालकाकडे एलिझाबेथ मॅडिसन घर सांभाळायला होती. ती काम सोडायच्या विचारात असताना त्याने तिला थांबवलं. माझ्या मागे ही शेती तू जिवंत असेपर्यंत तुझ्याकडे राहील, असा शब्द दिला. ती थांबली आणि पुढे कित्येक वर्षं पगार न घेता राबली. मालक शब्दाला जागला नाही असंही म्हणता येत नाही, कारण त्याने तसं मृत्युपत्र करून त्यावर सही केली होती. घोडं अडलं ते साक्षीदारांपाशी. त्यांच्या सह्या कायद्याला हव्या तशा झाल्या नव्हत्या. तो गेल्यावर वारसाने मालमत्तेवर हक्क सांगितला आणि प्रकरण कोर्टात गेलं. असा शब्द दिला होता आणि त्या शब्दावर विसंबूनच ती राहिली होती, हे ज्युरीने मान्य केलं. तरी 1883 साली हाऊस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, तिच्या विरुद्ध निकाल दिला. जमिनीचा करार लेखी हवा, हा नियम आड आला. त्याला अपवाद करावा म्हटलं तर न्यायमूर्तींचं म्हणणं असं पडलं, की बाई पगार न घेता घरात राहिली एवढ्यावरून करार झाला होता असं दिसत नाही. तिच्या राहण्याला दुसरीही कारणं असू शकतात.

निकाल जुना आहे. इंग्लंडमधला कायदाही नंतर बराच सरकला. पण 'दुसरीही कारणं असू शकतात' हा सूर अजून जगभरच्या न्यायालयांत ऐकू येतो. छप्पर दुरुस्त करून गेलेल्या माणसाला कोणी विचारत नाही, की बाबा रे, हे तू प्रेमापोटी केलंस का? दर आधी ठरला नसेल तर चालू दराने पैसे मोजावे लागतात, त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. पण एखाद्या बाईने पंधरा वर्षं एका आजारी माणसाचं उठवणं-बसवणं, औषधपाणी, रात्रीची जागरणं केली आणि शेवटी मोबदला मागितला, की पहिला प्रश्न येतो: कागद कुठाय? त्यामागोमाग दुसरा: तुम्ही तर घरच्यासारख्याच होतात ना? एका दिवसाच्या कामाचा मोबदला गृहीत धरला जातो आणि पंधरा वर्षांच्या कामाचा सिद्ध करावा लागतो. काम जितकं लांबेल तितकं ते आपुलकीच्या खात्यात जमा होत जातं आणि हक्क तितकाच पातळ होतो.

माझं म्हणणं असं, की हे उलटं व्हायला हवं. एखाद्याने दीर्घकाळ, नियमितपणे आणि अंगमेहनतीने दुसऱ्याची व्यक्तिगत सेवा केली, एवढं शाबीत झालं की कायद्याने ती मोबदल्यासाठीच होती असं धरून चालावं. नव्हती असं ज्याचं म्हणणं असेल, त्याने ते सिद्ध करावं. म्हणजे सेवा घेणाऱ्याने, आणि तो हयात नसेल तर त्याची मालमत्ता ज्यांच्या पदरात पडली त्यांनी.

यात फार क्रांतिकारक काही नाही. जर्मनीच्या दिवाणी संहितेच्या कलम 612 मध्ये ही कल्पना 1900 सालापासून आहे. परिस्थिती पाहता जी सेवा मोबदल्याशिवाय कोणी करणार नाही, तिच्याबाबत मोबदला न बोलता ठरलेलाच आहे असं समजायचं. आणि आकडा ठरला नसेल तर रुळलेला दर लावायचा. भारतात 1872 च्या करार कायद्याचं कलम 70 याच्या बरंच जवळ जातं. फुकट करण्याचा इरादा नसताना एकाने दुसऱ्यासाठी कायदेशीरपणे काही केलं आणि दुसऱ्याने त्याचा फायदा घेतला, तर भरपाई द्यावी लागते. त्यासाठी करार असावाच लागतो असंही नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1961 मध्ये पश्चिम बंगाल सरकारविरुद्धच्या एका बांधकाम कंत्राटदाराच्या खटल्यात हे कलम चांगलं खुलवून सांगितलं. कंत्राट 1935 च्या भारत सरकार कायद्याने सांगितलेल्या रीतीने झालेलं नव्हतं, म्हणून करार म्हणून ते टिकलं नाही; तरी सरकारने ती बांधकामं वापरली, तेव्हा पैसे द्या, असं न्यायालयाने म्हटलं. कंत्राटदाराचा 'फुकट करण्याचा इरादा नव्हता' हे पटवायला कोणाला फार कष्ट पडले नाहीत. धंदेवाईक माणूस फुकट कशाला करेल? शुश्रूषा करणाऱ्या बाईबाबत मात्र हेच वाक्य डोंगराएवढं होऊन बसतं, कारण इरादा तिने सिद्ध करायचा असतो. माणसाच्या मनात पंधरा वर्षांपूर्वी काय होतं, याची पावती ती कुठून आणणार?

पुराव्याचा भार उलटवला की काय होतं, त्याचा नमुना 1980 च्या एका इंग्लिश निकालात आहे. ग्रीझ्ली विरुद्ध कुक हे ते प्रकरण. सोळा वर्षांची मुलगी 1938 मध्ये एका घरात मोलकरीण म्हणून आली. पुढे त्या घरातल्या एका मुलाबरोबर ती संसार करू लागली. 1948 नंतर तिला पगार मिळाला नाही. घरातल्या एका मनोरुग्ण मुलीची काळजी तिनेच घेतली. 'तू काळजी करू नकोस, हे घर तुझंच आहे' असं तिला सांगितलं जात होतं. जोडीदार गेला आणि बाकीचे कुटुंबीय घर रिकामं करा म्हणू लागले. खालच्या न्यायालयाने तिलाच विचारलं, की त्या आश्वासनामुळेच तू राहिलीस याला पुरावा काय? अपील न्यायालयाचे न्यायाधीश लॉर्ड डेनिंग यांनी प्रश्नच फिरवला. अशी आश्वासनं दिली गेली, त्यानंतर ती राबत राहिली, मग ती आश्वासनांमुळे राहिली नाही हे समोरच्यांनी दाखवावं. समोरच्यांना ते दाखवता आलं नाही. तिला हयातभर त्या घरात राहायची मुभा मिळाली. साक्षीदार तेच, घटना त्याच, फक्त प्रश्न कोणाला विचारायचा एवढं बदललं.

आता कागदाबद्दल. 'मग लिहून का घेतलं नाही?' हा सवाल ऐकायला रास्त वाटतो. तो विचारणाऱ्याने एकदा त्या बाईच्या जागी उभं राहून पाहावं. कामाच्या पहिल्या दिवशी ती अनोळखी असते, तेव्हा ती महिन्याच्या पगारापलीकडे काही बोलू शकत नाही. मोठी आश्वासनं येतात ती पुढे, विश्वास बसल्यावर. बहुतेकदा ती एखाद्या वाईट रात्रीनंतर येतात, जेव्हा आजारी माणसाला तिच्याशिवाय आपलं काही खरं नाही हे कळलेलं असतं. त्या क्षणी 'हे जरा कागदावर उतरवता का?' असं विचारणं म्हणजे तुमच्या शब्दावर माझा भरवसा नाही असं तोंडावर सांगणं. नंतर विचारलं तर 'ही आपल्या मरणाची वाट बघतेय' असा वास येतो. आधी विचारावं तर काम जातं. योग्य वेळ अशी येतच नाही. उलट ज्याच्याकडे मालमत्ता आहे, वकील आहे, बँकेत खातं आहे, त्याला अर्ध्या पानाचा मजकूर लिहून सही करायला काहीच अडचण नसते. न लिहिण्याचा फायदाही त्यालाच असतो. रोजचा पगार वाचतो आणि आशेवर माणूस बांधला जातो. मग न लिहिण्याचा तोटा दुसऱ्या बाजूने का सोसायचा?

नोकरीच्या बाकीच्या जगात हा विचार रुजलाय. युरोपीय संघाच्या 2019 च्या निर्देशानुसार कामाच्या मुख्य अटी मालकाने कामगाराला आठवडाभरात लेखी द्यायच्या असतात. दिल्या नाहीत, तर कामगाराच्या बाजूची गृहीतकं लावायची आणि ती मालकाने खोडून काढायची, असा एक मार्ग सदस्य देशांना आखून दिला आहे. कागद नसणं हे मालकाच्या अंगाशी येतं, हेच तर आपण म्हणतोय. पण त्याच निर्देशात बारीक अक्षरांत एक सूट आहे. घरकामासाठी माणूस ठेवणाऱ्या खासगी व्यक्तींना हे गृहीतकांचं कलम न लावण्याची मोकळीक देशांना दिलेली आहे. जिथे कागद सर्वांत कमी सापडतो तिथेच कागद नसल्याची शिक्षा माफ! आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या अंदाजानुसार जगात साडेसात कोटींहून अधिक घरकामगार आहेत आणि त्यांतले पाचांपैकी चार अनौपचारिक रोजगारात आहेत. संघटनेचा 2011 चा 189 क्रमांकाचा करार शक्य तिथे लेखी कराराचा आग्रह धरतो. चांगलंच आहे. पण लेखी करार नसेल तर काय, हा प्रश्न त्याने सुटत नाही, आणि बहुतेक घरांत तो नसतोच.

कागद म्हणजे श्रमिकाचं कवच, असाही एक भाबडा समज असतो. 1793 साली जमैकाहून लिव्हरपूलला निघालेल्या जहाजावर एका खलाशाला चक्क लेखी वचन मिळालं होतं: प्रवास पुरा केलास तर तीस गिनी. रक्कम नेहमीच्या पगारापेक्षा बरीच जास्त होती. तो वाटेत, बंदर तीन आठवड्यांवर आलेलं असताना वारला. त्याच्या विधवेने निदान झालेल्या कामाचे पैसे मागितले. 1795 मध्ये कटर विरुद्ध पॉवेल या खटल्यात तिला एक छदामही मिळाला नाही, कारण कागदावर 'प्रवास पुरा केल्यास' असं स्वच्छ लिहिलेलं होतं. कागद कोणी लिहिला, कोणाच्या सोयीने लिहिला, हेही पाहावं लागतं.

आणि लेखी हवंच म्हणणारे कायदे तरी किती सरळ आहेत? इंग्लंडमध्ये 1677 साली खोट्या दाव्यांना आळा घालण्यासाठी एक कायदा आला. वर्षभरात पुरा होणार नाही असा करार लेखी नसेल तर त्यावर दावा चालणार नाही, हे त्यातलं एक कलम. खुद्द इंग्लंडने हे कलम 1954 मध्ये काढून टाकलं, पण अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत ते वारशाने राहिलंय. त्याचा अर्थ लावताना एक विचित्र गोष्ट घडली. 'दोन वर्षं माझी सेवा कर' हा तोंडी करार बाद, कारण दोन वर्षं एका वर्षात बसत नाहीत. पण 'मी मरेपर्यंत माझी सेवा कर' हा करार चालतो, कारण माणूस वर्षाच्या आतही मरू शकतो! न्यूयॉर्कला ही पळवाट खटकली आणि तिथल्या कायद्याने आयुष्यभराचे करारही लेखीच हवेत असं स्पष्ट घातलं. म्हणजे दुरुस्ती झाली तीही सेवा करणाऱ्याच्या विरुद्ध दिशेने. भारतात असा सरसकट लेखीचा नियम नाही. कायद्याने खास लेखी मागितलेलं नसेल तर तोंडी करार वैध असतो. पण जमीन, घर, मृत्युपत्र म्हटलं की नोंदणी किंवा साक्षीदार आलेच, आणि सेवेच्या बदल्यात दिलेली बहुतेक मोठी वचनं नेमकी याच वस्तूंची असतात.

या सगळ्यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप वेगळाच आहे. वचन देणारा मेलेला असतो. तो येऊन 'मी असं बोललोच नव्हतो' हे सांगू शकत नाही. उद्या कोणीही उठेल आणि म्हणेल, मला बंगला देतो म्हणाले होते. अमेरिकेतल्या काही राज्यांत तर ज्याचा दाव्यात स्वार्थ आहे त्याने मृताशी झालेल्या बोलण्याबद्दल साक्षच द्यायची नाही, असे कायदे आहेत. ही भीती खोटी नाही. एकट्या पडलेल्या वृद्धांभोवती घिरट्या घालणारी माणसं असतात, आणि वारस प्रत्येक वेळी खलनायक नसतात.

पण इथे दोन गोष्टींची गल्लत होते. वचन बनावट करणं सोपं आहे, कारण ते चार भिंतींत, दोन माणसांत, एका क्षणात दिलं जातं. दहा वर्षांची सेवा बनावट करता येत नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या उशाशी एक वही असते. सकाळची रक्तदाबाची गोळी, दुपारची साखर किती, रात्री दोनला उलटी झाली, लघवी किती झाली, कुशी कधी बदलली. तारखा सलग असतात, अक्षर एकाच हाताचं असतं. मध्येच एखाद्या पानावर डॉक्टरांचा फोन नंबर, कडेला केमिस्टच्या उधारीची बेरीज. इस्पितळाच्या संमतिपत्रावर 'रुग्णाशी नातं' या रकान्यात कोणाचं नाव आहे, रुग्णवाहिका कोणाच्या फोनवरून बोलावली गेली, डायलिसिसच्या दर फेरीला सोबत कोण आलं, हे केंद्रातल्या परिचारिकांना तोंडपाठ असतं. शेजारी, औषधवाला, पेपर टाकणारा पोऱ्या, सगळे साक्षीदार असतात. इतका पुरावा कित्येक लेखी करारांच्या मागेही नसतो.

म्हणून कायद्याने दावा वचनावर नाही, सेवेवर उभा करावा. वचनाचं बोलणं खरं की खोटं, यावर खटला लटकवला की लबाडाला वाव मिळतो आणि प्रामाणिक माणूस अडकतो. सेवेवर उभा केला की लबाडाच्या हाती काही उरत नाही, कारण दोन महिने गोड बोलणाऱ्याकडे वही नसते. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने 1954 मध्ये हा रस्ता दाखवून दिला. एका भाच्याने मावशीची बरीच कामं केली होती आणि मावशीने घर देण्याचं तोंडी कबूल केलं होतं. घराचा करार लेखी नाही म्हणून घर मिळणार नाही, असं न्यायालयाने ठरवलं. पण कामं तर झाली आणि मावशीने ती फुकट समजून घेतली नव्हती, तेव्हा मालमत्तेतून तीन हजार डॉलर द्या, असंही ठरवलं. करार टिकला नाही तरी ऋण टिकलं.

मोबदला किती, इथे माझं मत काहींना कंजूष वाटेल. वचन घराचं असलं तरी घर द्यायलाच हवं असं मी म्हणणार नाही. जेनिंग्ज विरुद्ध राइस या 2002 च्या इंग्लिश निकालात एक माळी होता. एका विधवेकडे 1970 पासून बागकामाला येता येता तिचा सगळा भार त्याच्यावर आला. तिला सोबत म्हणून तो शेवटी रात्रीही तिच्याकडेच झोपू लागला. अखेरची बरीच वर्षं त्याला पगार नव्हता. 'हे सगळं एक दिवस तुझं होईल' असं ती म्हणत असे. ती मृत्युपत्र न करता गेली. मागे राहिलेली मालमत्ता सुमारे 13 लाख पौंडांची होती. त्याने सगळी मागितली, निदान घर तरी द्या म्हणाला. घराची किंमत चार लाखांच्या वर होती. न्यायालयाने तितकीच काळजी पगारी माणसांनी घेतली असती तर काय खर्च आला असता ते पाहिलं आणि दोन लाख पौंड दिले. वरच्या न्यायालयानेही ते उचलून धरलं. मला हा हिशेब पटतो. झालेल्या कामाची बाजारातली किंमत हा पाया, तो कोणत्याही परिस्थितीत मिळायलाच हवा. त्याच्या वर वचनाप्रमाणे काही हवं असेल तर वचनाचा भक्कम, तिऱ्हाइताच्या तोंडचा पुरावा आणावा.

याला अपवाद असतात. 2009 चा थॉर्नर विरुद्ध मेजर घ्या. एका माणसाने नातेवाइकाच्या शेतावर तीसेक वर्षं विनापगार काम केलं. दोघेही अबोल. 'शेत तुला देईन' असं सरळ कधी कोणी बोललंच नाही. एकदा विम्याची एक नोटीस हातात देऊन मालक एवढंच म्हणाला, की हे माझ्या मरणानंतरच्या करासाठी. हाऊस ऑफ लॉर्ड्सने तेवढ्यावर अख्खं शेत त्याला दिलं, कारण त्या दोघांच्या जगात त्याचा अर्थ स्वच्छ होता. जिथे माणसाने सबंध कमावतं आयुष्य एकाच ठिकाणी ओतलंय, दुसरा रस्ता उरलेलाच नाही, तिथे ताशी दराने बोळवण करणं अन्यायाचं होईल. त्या निकालाशी माझं भांडण नाही. पण तो सर्वसाधारण नियम होऊ नये.

राहता राहिलं कुटुंब, आणि इथे वाचक माझ्यावर सर्वांत जास्त रागावतील. मुलीने आईची सेवा केली, सुनेने सासऱ्याची केली, त्याचंही बिल लावायचं? नात्याचा बाजार करायचा? हा राग मी समजू शकतो, पण तो कोणाच्या तोंडून येतो ते पाहण्यासारखं असतं. सेवा करणाऱ्याच्या तोंडून तो क्वचित येतो. बहुतेकदा तो परगावी राहिलेल्या, सणावारी फोन केलेल्या आणि वाटणीच्या दिवशी समान हिस्सा मागणाऱ्या भावंडाच्या तोंडी असतो. नात्याचं मोल पैशात होत नाही असं म्हणणाऱ्याला स्वतःचा हिस्सा मात्र पैशातच हवा असतो.

काही देशांनी या प्रश्नाकडे डोळे उघडून पाहिलंय. जपानमध्ये सून कायद्याने वारस नाही, त्यामुळे सासू-सासऱ्यांचं सगळं केलेल्या सुनेच्या हाती काहीच लागत नसे. 2019 च्या जुलैपासून तिथल्या दिवाणी संहितेत तरतूद आली, की वारस नसलेल्या नातेवाइकाने मोबदला न घेता शुश्रूषा केली असेल तर तो वारसांकडे पैसे मागू शकतो. ऑस्ट्रियाने 2017 पासून त्याहून पुढचं पाऊल टाकलं. मृत्यूपूर्वीच्या तीन वर्षांत किमान सहा महिने बऱ्यापैकी प्रमाणात ज्या जवळच्या व्यक्तीने विनामोबदला काळजी घेतली, तिला मालमत्तेतून कायद्यानेच हिस्सा मिळतो. तिने काही वचन सिद्ध करायची गरज नाही. फ्रान्समध्ये तर 1939 पासून शेतकऱ्याच्या मुलांसाठी 'थकीत पगारा'ची सोय आहे. अठराव्या वर्षानंतर आईबापांच्या शेतावर विनापगार राबलेल्या मुलाचा करार झालेलाच होता असं समजायचं आणि जास्तीत जास्त दहा वर्षांचा पगार वारसाहक्काच्या वेळी चुकता करायचा. दर किमान वेतनाच्या दोन तृतीयांश. हे नियम आल्याने कुटुंबं मोडली, असं काही झालेलं नाही.

या कायद्यांतही भोकं आहेत. जपानचा कायदा फक्त नातेवाइकांसाठी आहे. लग्नाविना बरोबर राहिलेली जोडीदार किंवा घरात वीस वर्षं काढलेली परकी बाई त्यात बसत नाही. ऑस्ट्रियाचा जवळच्या माणसांचं वर्तुळ मोठं करतो, पण पगारी म्हणून आलेल्या आणि मग पगार थांबलेल्या व्यक्तीला तो उपयोगाचा नाही. जोडीदारांच्या बाबतीत अमेरिकेत 1976 च्या मार्विन खटल्यापासून कॅलिफोर्नियाने लग्नाविना राहणाऱ्यांमधले तोंडी करार मान्य केले खरे, पण त्या खटल्यातल्या बाईला शेवटी अपिलात काहीच मिळालं नाही. तत्त्व जिंकलं आणि पक्षकार हरली.

जोडीदारांमध्ये आणि आई-मुलांमध्ये गृहीतक थोडं सैल असावं, हे मला मान्य आहे. एकमेकांचं करणं तिथे रोजच्या जगण्याचाच भाग असतो. आजारी नवऱ्याला चार महिने सांभाळलं म्हणून बायकोने इतर वारसांकडे बिल लावावं, असं कोणी म्हणत नाही. पण एका मुलीने नोकरी सोडून आठ वर्षं काढली आणि बाकीच्या तिघांनी नाही, तर तो फरक वाटणीत दिसायला नको का? तिथे गृहीतकाला खोडायची संधी बाकीच्यांना असेलच. आईने तिला त्या काळात घरखर्च दिला होता, तिचं कर्ज फेडलं होतं, आधीच फ्लॅट नावावर केला होता, हे त्यांनी दाखवावं. राहायची-जेवायची सोय झाली होती हेही मोजावं. हिशेब दोन्ही बाजूंचा व्हावा, एवढंच.

शेवटचा मुद्दा रुक्ष आहे, पण सर्वांत जास्त दावे त्याच्यावरच आपटतात. तो म्हणजे मुदत. भारतीय मुदत कायद्यात, विनंतीवरून केलेल्या आणि पैसे कधी द्यायचे ते न ठरलेल्या कामाच्या मोबदल्यासाठी तीन वर्षं आहेत, आणि ती काम झाल्यापासून मोजतात. आता रोजची सेवा हे रोजचं वेगळं काम धरलं, तर पंधरा वर्षांतली बारा वर्षं दावा दाखल करायच्या दिवशीच मेलेली असतात. सेवा चालू असताना दावा लावणं तर अशक्यच. ज्याला सकाळी आंघोळ घालायची त्याच्यावर दुपारी समन्स बजावायचं का? जपाननेही इथे हात आखडता घेतला आहे. मृत्यू आणि वारस कोण हे कळल्यापासून सहा महिने आणि कसंही झालं तरी मृत्यूपासून एक वर्ष, एवढ्यातच मागणी करावी लागते. तेराव्या महिन्यात वकिलाकडे गेलेल्या सुनेला कायदा काहीच देत नाही. अशा सेवेला एकच अखंड काम मानावं आणि घड्याळ सेवा संपल्या दिवसापासून, म्हणजे बहुधा मृत्यूच्या दिवसापासून, सुरू करावं. बहुतेक वर्षांवर आधीच पाणी सोडावं लागत असेल, तर पुराव्याचा भार उलटवूनही तिच्या पदरात फारसं काही पडणार नाही.